चालत्या आजीला लावलेला शेंदूर

आमच्या अग्रहारातल्या, म्हणजे जुन्या ब्राह्मणवस्तीतल्या, घरी दसऱ्याला बाहुल्या मांडतात. म्हैसुरात बहुतेक घरी मांडतात. वरच्या पायरीवर लाकडी राजा-राणी, मधे देव, खाली ढेरपोट्या शेट्टी आणि त्याचं डाळ-तांदळाचं दुकान. आमच्या मांडणीत मात्र सगळ्यात खालच्या पायरीवर एक जास्तीची गोष्ट असते. हातभर उंचीचा एक उभा दगड, निम्म्यापर्यंत शेंदरी रंगवलेला, आणि त्याच्यासमोर हातात वाटी घेतलेली मातीची म्हातारी.

हळदीकुंकवाला आलेल्या बायका विचारतात, हे काय? मग घरातलं कुणीतरी हौसेनं सांगतं, "या आमच्या आत्याआजी. डोंगरातल्या सोलिग लोकांच्या देवाला शेंदूर फासून आल्या होत्या. ते लोक खवळले. मग आजोबांनी तो आख्खा दगड आपल्या हातांनी धुऊन काढला, तेव्हा कुठे सुटका झाली." सगळ्या हसतात आणि माझ्याकडे कौतुकानं बघतात. मी मान खाली घालतो. त्यांना तो विनय वाटतो.

शेंदूर मी लावला होता. दगड आत्यानं धुतला. पन्नासहून जास्त दसरे मी ही गोष्ट उलटी सांगू दिली. आता ऐंशी ओलांडली आहे, म्हणून ती सुलटी करून ठेवतो. लाजेची बाब एवढीच आहे. बाकी तो दिवस माझ्या आयुष्यातला फार आनंदाचा दिवस होता, आणि तोही नीट सांगितला पाहिजे.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आली आणि आम्हा भावंडांना तिनंच वाढवलं. आमचे आजोबा म्हैसूरच्या घोडदळात शिलेदार होते. कधीतरी त्यांची तुकडी बिळिगिरीच्या डोंगरात गेली होती. तिथे त्यांनी एक दगड पाहिला. डोक्यावर गाठोडं घेतलेली बाई चालता चालता थांबावी तसा. सोलिग लोक तिला आजी म्हणतात, ती बाजाराला निघाली आहे आणि मागे राहिलेल्यांसाठी थांबली आहे, असं त्यांनी आपल्या लेकीला सांगितलं होतं. "तुला दाखवीन एकदा," असंही म्हणाले होते. ते राहून गेलं. आत्यानं मात्र ती आजी मनातून जाऊ दिली नाही. आम्हाला जेवू घालताना ती म्हणायची, "सावकाश खा. आजी थांबलीये."

भाषेप्रमाणे नवी राज्यं आखली गेली त्यानंतरच्या काही वर्षांतली ही गोष्ट. पुण्याचे नातेवाईक आले की विचारायचे, तुम्ही आता कुणीकडचे? वडील म्हणायचे, "आम्ही अग्रहारचे." मला नुकतीच सरकारी कचेरीत नोकरी लागली होती, अजून पक्की व्हायची होती. लग्नही नवंच होतं. एक दिवस आत्या गुडघ्यांना तेल चोळता चोळता म्हणाली, "हे गुडघे आहेत तोवर एकदा ने रे बाबा. मग नेशील तर पाटावर बसवून न्यावं लागेल."

वाट दाखवणारा माणूस तिनं आधीच धरून ठेवला होता. मंडी मोहल्ल्यात मध आणि शिकेकाई विकायला एक सोलिग यायचा. आत्या वर्षानुवर्षं त्याच्याकडूनच मध घ्यायची आणि दर वेळी आजीची खुशाली विचारायची. तो म्हणायचा, "आहे अक्का. अजून निघाली नाही."

निघताना वडिलांनी पिशवीत नारळ, तेलाची बाटली आणि शेंदराची पुडी घातली. आमच्या घरचा नियमच तो. दगडाचा देव भेटला आणि त्याच्या अंगावर शेंदूर नाही, तर तो पारोसा. "देवाला पारोसा ठेवून येऊ नका," वडील म्हणाले. माझ्या मनात आणखी एक होतं. नोकरी पक्की व्हावी म्हणून मी गुपचूप तो शेंदूर बोलून ठेवला होता.

नंजनगूड, चामराजनगर करत बस डोंगराच्या पायथ्याशी पोचली. मधवाला आणि त्याची बायको घ्यायला आले होते. त्यांच्या वस्तीला पोडु म्हणतात. चार-सहा बांबूच्या झोपड्या, अंगणात नाचणी वाळत घातलेली. तिथे आम्हाला मधाचं पाणी मिळालं, आणि मला एक नातंही मिळालं. मधवाला आत्याला अक्का म्हणायचा, म्हणजे तिनं वाढवलेला मी त्याचा भाचा. कन्नडात भाच्याला आणि जावयाला दोघांनाही अळिया म्हणतात आणि त्या वस्तीत अळियाची थट्टा करायचा सगळ्यांना हक्क होता. आत्यानं पाटाचं तिथेही सांगून टाकलं होतं, म्हणून मधवाल्याची बायको माझ्या बायकोला म्हणाली, "अळियाला डोंगर चढता येतो ना? की तोही पाटावर?"

"कचेरीचा जिना चढतात," माझी बायको म्हणाली. लग्नाला पुरतं वर्ष झालं नव्हतं. इतके दिवस ती माझ्यासमोर तोंड उघडत नव्हती, आणि इथं तिला एकदम माहेर मिळालं.

चढ मोठा नव्हता, पण आत्याला तो मोठाच होता. दहा पावलं चालली की ती थांबायची. मी काळजीनं मागे वळायचो, तेव्हा मधवाला मला दटावायचा. "तू पुढे जा की. तू पोचलास तरी आजी तुझ्याकडे बघणार नाही. ती मागच्यांसाठी थांबलीये." मग तो आत्याच्या बाजूनं तिच्याच चालीनं चालायचा. तिचे वडील कुठल्या रंगाच्या घोड्यावर बसायचे, ते विचारायचा. ती सांगायची. सांगताना तिचे गुडघे दुखायचे थांबायचे, असं मला वाटतं.

आणि मग झाडी संपली.

मी तोवर पुष्कळ दगड पाहिले होते. चामुंडीवरचा नंदी पाहिला होता, पण तो माणसानं घडवलेला. ही कुणी घडवली नव्हती. दोन पुरुष उंचीचा काळा उभा खडक, कमरेत जरा वाकलेला, आणि त्याच्या माथ्यावर तोललेली एक गोल प्रचंड शिळा. वारा सुटला तर गाठोडं सावरायला तिचा हात वर जाईल असं वाटावं. शिळेच्या पोटाशी मधमाश्यांची मोठमोठी पोळी लोंबत होती, आणि सगळ्या खडकातून मंद गुणगुण येत होती. आजी स्वतःशीच काही बोलत असावी तशी.

आत्या शेवटी पोचली. खडकासमोर उभी राहून म्हणाली, "आले गं बाई. उशीर झाला." आणि तिला हसूच फुटलं. इतकं की पदरानं डोळे पुसावे लागले. मधवाल्यानं प्रत्येकाच्या हातात एकेक हिरवं पान दिलं. ते आजीच्या पायाशी ठेवायचं, इतकीच पूजा. नारळ नाही, उदबत्ती नाही. मी पिशवीतून पुडी काढली, तशी आत्या हळूच म्हणाली, "सुम्ने ठेव ती. त्यांना विचारल्याशिवाय नको." सुम्ने म्हणजे मुकाट्यानं. मी ठेवली.

थोड्या वेळानं माझी बायको आणि मधवाल्याची बायको खालच्या झऱ्यावर पाणी आणायला गेल्या. मधवाला आत्याला घेऊन जरा पलीकडे सावलीत बसला. घोड्याची गोष्ट अजून संपली नव्हती. मी एकटा खडकाशी उरलो. समोर एवढा मोठा देव, आणि अंगावर शेंदराचा टिपका नाही. वडिलांचा शब्द आठवला, माझा नवस आठवला. विचारलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं असतं, हेही मला ठाऊक होतं. म्हणूनच विचारलं नाही. तेलात शेंदूर कालवला आणि हात पोचेल तिथवर दोन्ही हातांनी चोपडला. मन लावून चोपडला. मारुतीला करतो तसा गुळगुळीत.

आधी बायका आल्या. घागरी तशाच हातात धरून उभ्या राहिल्या. मग मधवाला आणि आत्या आले. मधवाल्यानं आधी वर पोळ्यांकडे पाहिलं. तेलाच्या वासानं माश्या उठतात की काय, या भीतीनं. त्या उठल्या नाहीत. मग त्यानं बारीक आवाजात विचारलं, "कुणी केलं?"

माझे हात मनगटापर्यंत शेंदरी होते. तोंड उघडलं, पण नव्या बायकोसमोर, या आनंदाच्या दिवशी, शब्द फुटेना.

"मी," आत्या म्हणाली.

तो सगळा वेळ ती त्याच्याच शेजारी बसली होती. त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरं अक्का. तूच." पण त्याचा चेहरा उतरला होता. "अक्का, ही देवळातली नव्हे. ही बाजाराला निघालीये. शेंदूर लावून तुम्ही तिला बसवलीत. आता ती चालायची कशी?"

आत्यानं क्षणभर खडकाकडे पाहिलं. मग तिनं पदर खोचला.

"तेल तर लागलंच आहे," ती म्हणाली, "तर मग न्हाऊच घालू. बाजाराला जायची बाई, स्वच्छ होऊन जाऊ दे. शिकेकाई आहे ना तुमच्याकडे?"

मधवाल्याची बायको आधी हसली. तोंडावर हात धरून, पण खांदे हलत होते. मग तिचा नवरा हसला. शिकेकाई म्हणजे त्यांच्या घरचं पीक. मधवाल्याची बायको पोडुकडे पळाली आणि येताना टोपलीभर शिकेकाई, चार बायका आणि दोन घागरी घेऊन आली. "आजीची दिवाळी आहे," असं तिनं सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

माश्या उठतील म्हणून आवाज करायचा नाही, एवढीच मधवाल्याची अट होती. म्हणून सगळं कुजबुजत झालं. कुजबुजत भांडणं, कुजबुजत हसणं. आत्यानं तिथल्याच एका खळग्यात शिकेकाई ठेचून फेस काढला आणि खडकाच्या अंगाला चोळायला लागली, लहानपणी मला चोळायची तशीच, खसाखसा. बायका पाणी घालत होत्या. मला घागरी वाहायला लावलं. वाट निसरडी झाली होती. मी दोनदा घसरलो, तेव्हा कुजबुजत टाळ्या पडल्या. माझी बायको कमरेइतकी भिजली होती आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. इतकी सुंदर ती मला त्याआधी दिसली नव्हती, हेही आज लिहून टाकतो.

आत्या बाळंतिणीच्या खोलीत गुणगुणायची तशा सुरात, तिथल्या तिथे जुळवून म्हणत होती:

न्हाऊ घालते, माखू घालते, चालत्या माझ्या आजीला
पाय पुसून धाडते गं, भरल्या उभ्या बाजाराला

त्या बायकांना मराठी येत नव्हतं. दुसऱ्या वेळेला त्यांनी सूर धरला, तिसऱ्या वेळेला शब्दही. वर माश्यांची गुणगुण होतीच. शेंदूर बहुतेक निघाला. ओला काळा खडक उन्हात चमकायला लागला, तेव्हा मधवाला लांब जाऊन उभा राहिला, डोकं तिरकं करून त्यानं आजीकडे निरखून पाहिलं आणि म्हणाला, "हां. आता निघेल." मग पोडुवर नाचणीची रोटी आणि मध. निघताना बायकांनी आत्याला नाव दिलं, एण्णे अक्का. एण्णे म्हणजे तेल. "रोटी हब्बाला ये," त्या म्हणाल्या. नवी नाचणी आली की ते हा सण करतात. आत्यानं येईन म्हणून शब्द दिला.

तिथवर माझ्याकडून झाला तो नुसता अविचार. खरी चूक घरच्या उंबऱ्यावर झाली.

शेंदूर असा जात नाही. घरी पोचलो तेव्हा माझी बोटं केशरी होती. वडिलांनी विचारलं, "हे काय?" आत्या चप्पल काढता काढता म्हणाली, "मी त्यांच्या देवाला शेंदूर लावला. मग तो धुवावा लागला याला." नोकरी पक्की व्हायची होती, तक्रार नको होती; आणि शेंदूर वडिलांनीच दिला असला तरी न विचारता लावलेला त्यांना खपला नसता, ते फार कडक होते. तिनं मला वाचवलं. वडील हसले, आई हसली, माझी पाठ थोपटली गेली. शेंदूर मी लावला, असं मी म्हणू शकलो असतो. म्हटलं नाही.

पुढच्या वर्षी आम्ही जेवायला बसलो असताना मधवाला आमच्या दारात आला. रोटी हब्बाचं आमंत्रण, एण्णे अक्काला घेऊन या. वडील त्याला चहा देऊन म्हणाले, "नको रे बाबा. पुन्हा काहीतरी रंगवून येईल." सगळे हसले. आत्यानं एकदाच माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, नुसतं पाहिलं. आता तरी हा बोलेल, असं. तिनं दिलेला शब्द माझ्या एका वाक्यावर अडला होता, आणि मी ताटातली भाजी चिवडत बसलो.

ती म्हणाली, "बरं. मग नंजनगूडला तरी जाऊन येते. सुनेला नेते सोबत."

"नंजनगूडला जा की," वडील म्हणाले.

त्यानंतर दर वर्षी दोघी नंजनगूडला जायच्या. देवदर्शन, मग तिथल्या मावशीकडे मुक्काम. आत्या गेली तोवर हा नेम चालला. ती गेल्यावर मला राहून राहून वाटायचं, तिला पुन्हा एकदा आजीकडे जायचं होतं, आणि आपल्या भित्रेपणामुळे तिला नंजनगूडवर समाधान मानावं लागलं. बाहुल्यांसमोर लोक हसायचे तेव्हा ते काट्यासारखं टोचायचं.

गेल्या वर्षी नात म्हणाली, "आजोबा, तुमचा तो दगड दाखवा ना." ती आम्हा दोघांना गाडीनं घेऊन गेली. आता तिथे जंगल खात्याचं फाटक आहे, परवानगी लागते, पोडु रस्त्याच्या कडेला आला आहे, घरं पक्की झाली आहेत. वाट कशी सापडणार, या काळजीत मी होतो. माझी बायको मागच्या सीटवरून म्हणाली, "पुढच्या पिंपळाला डावीकडे."

मी वळून पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

गाडी थांबली. एका घरातून वाकलेली, पांढऱ्या केसांची बाई बाहेर आली. मधवाल्याची बायको. ती माझ्याकडे आलीच नाही. तिनं माझ्या बायकोला मिठी मारली आणि आत हाक दिली, "एण्णे अक्काची सून आली." घरातून लेकी-सुना बाहेर आल्या आणि सगळ्या तिला ओळखत होत्या. एकीनं तर तक्रार केली, "अक्का होती तेव्हा पुरणपोळ्या यायच्या."

नात माझ्याकडे बघत होती, मी बायकोकडे.

"तुम्ही नंजनगूडला जायचात ना?" मी विचारलं.

"जायचोच की. उतरून देवाला हात जोडायचो. मग पुढची बस."

"आणि मावशीकडचा मुक्काम?"

"या माझ्या मावशीच आहेत," तिनं त्या म्हातारीकडे हात केला. "दर वर्षी, रोटी हब्बाला. आत्याबाई होत्या तोवर एक वर्ष चुकलं नाही."

"मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलंत कधी?" मग तिला राहवेना. "आत्याबाईंनी बजावलं होतं. त्याला सांगू नकोस, म्हणाल्या. सांगितलं तर तो सोबत येईल, आणि येताना शेंदूर घेऊन येईल."

म्हातारीला ते कन्नडात सांगितलं, तेव्हा ती इतकी हसली की तिला ओट्यावर बसवावं लागलं. मग तिनं माझा हात ओढून उन्हात धरला, बोटं उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाली, "अळिया, रंग गेला एकदाचा."

आम्ही आजीकडे गेलो. या वेळी सगळ्यात मागे मी होतो. कुणी मागे वळून काळजी केली नाही, कारण मागच्यांसाठी ती थांबलेलीच आहे. पान ठेवलं. म्हातारीच्या लेकीनं खडकाच्या बाजूची एक बारीक भेग दाखवली, जिथे फेस पोचला नव्हता. आत अजून केशरी रेघ आहे. तिथल्या बायका म्हणतात, आजीच्या कानामागे म्हैसूरची तीट लावलीये, दृष्ट लागू नये म्हणून. मी खूप वेळ ती रेघ बघत बसलो. आत्या दर वर्षी इथे येऊन ती बघत असणार, आणि हसत असणार.

म्हणजे तिचा शब्द तिनं पाळला. माझ्या वाक्याची वाट तिनं पाहिली नाही. माझ्यावरचं ओझं तेवढ्यानं हलकं झालं, पण ते वाक्य माझ्याकडे तसंच उरलं होतं.

या दसऱ्याला बाहुल्या मांडल्या तेव्हा मी खालच्या पायरीशी बसलो. त्या मातीच्या म्हातारीच्या हातातली वाटी उचलली. मग शेट्टीला त्याच्या दुकानातून उठवला, दगडासमोर उभा केला आणि वाटी त्याच्या हातात ठेवली. हळदीकुंकवाला बायका आल्या. कुणीतरी सवयीनं सुरुवात केली, "या आमच्या आत्याआजी..."

"थांब," मी म्हटलं. "हा मी." आणि वर लिहिलं आहे ते सगळं सांगितलं. आत्यानं माझ्याकडे पाहिलं ते, आणि भाजी चिवडली तेही.

बायका वाकून शेट्टीकडे बघायला लागल्या. मग सून म्हणाली, "बाबा, पोट मात्र अगदी जुळतंय," आणि घर हसलं. पूर्वीपेक्षा मोठ्यानं. मीही मान वर करून हसलो.

"मग आत्याआजी कुठे ठेवायच्या?" नातीनं विचारलं.

माझी बायको उठली. तिनं हळदीकुंकवाच्या ताटातलं एक लहानसं खणाचं चिंधूक घेतलं, त्याचं गाठोडं बांधलं आणि म्हातारीच्या डोक्यावर बसवलं. मग तिला दगडाच्या पलीकडे, पुढच्या वाटेवर ठेवली, तोंड बाजाराकडे.

"आणि यांना?" नातीनं शेट्टीकडे बोट दाखवलं.

"असू दे तिथेच," बायको म्हणाली. "येतील मागून. त्यांना हात धुवायचेत."